एच-१बी लॉटरीची तयारी: डिसेंबर ते ऑक्टोबर

एच-१बी या अमेरिकी नोकरी-व्हिसाच्या लॉटरीत तुमचं नाव कंपनी घालते, तुम्ही स्वतः घालू शकत नाही. त्यामुळे पहिलं काम डिसेंबर-जानेवारीत करायचं, आणि ते म्हणजे एचआरकडून लेखी उत्तर मिळवणं: यंदा माझी नोंदणी करणार का, वकील कोण आणि कंपनीची आतली शेवटची तारीख कोणती? मोठ्या कंपन्या ही यादी फेब्रुवारीच्या मध्यालाच बंद करतात. सरकारी खिडकी त्यानंतर मार्चमध्ये किमान १४ दिवस उघडी असते, पण तोवर कंपनीचं दार लागलेलं असतं. २०२६ मध्ये ही खिडकी ४ ते १९ मार्च होती, पूर्व किनाऱ्याच्या दुपारी १२ पासून १२ पर्यंत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. त्यामुळे खिडकी भारतात रात्री साडेदहाला उघडली आणि साडेनऊला बंद झाली. पुण्यात बसून शेवटच्या रात्री कागद पाठवणाऱ्याचा तो एक तास हकनाक जातो.

दुसरं काम पासपोर्टचं. २०२४ पासून चिठ्ठी नोंदणीच्या नावाने पडत नाही, माणसाच्या नावाने पडते. पाच कंपन्यांनी नाव घातलं तरी माणूस एकच धरला जातो आणि तो ओळखला जातो पासपोर्ट क्रमांकावरून. त्याआधी एकाच माणसाच्या नावावर अनेक नोंदण्या करण्याचा सुळसुळाट झाला होता. २०२३ च्या मार्चमध्ये ७,८०,८८४ नोंदण्या आल्या आणि त्यातल्या ४ लाखांहून जास्त अशा अनेकवार घातलेल्या नावांच्या होत्या. आता सगळ्या कंपन्यांना एकाच पासपोर्टचा क्रमांक द्या. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर नूतनीकरण फेब्रुवारीच्या आत उरकून घ्या, नाहीतर ते पिटिशन (निवडीनंतर कंपनी सरकारकडे करते तो अर्ज) दाखल होईपर्यंत थांबवा. मधेच क्रमांक बदलला, तर पिटिशनसोबत जुना-नवा दोन्ही पासपोर्ट आणि स्पष्टीकरण जोडावं लागतं, आणि ते मान्य करायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात राहतं.

नाव पासपोर्टवर आहे तसंच भरायचं. आपल्याकडे दहावीच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं असा क्रम असतो. लग्नानंतर नाव बदललेल्यांचा पासपोर्ट तिसरंच काही सांगतो. नोंदणीला हे आड येत नाही, पदवी तपासताना येतं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच शोधून स्कॅन करून ठेवा.

तिसरी तयारी पदवीची. दरवर्षी ६५,००० जागा सर्वांसाठी आणि २०,००० जागा अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी असतात. ६५,००० मधल्या ६,८०० जागा चिली आणि सिंगापूरसाठी राखीव आहेत. न वापरलेल्या परत मिळतात. निवड आधी सगळ्यांची एकत्र ६५,००० साठी होते, मग उरलेल्या मास्टर्सवाल्यांची २०,००० साठी. म्हणजे मास्टर्सवाल्याला दोनदा संधी. मात्र पदवी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त, सरकारी किंवा ना-नफा संस्थेची हवी. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाची चालत नाही. शिवाय पदवीच्या सगळ्या अटी पिटिशन दाखल होण्याच्या दिवशी पूर्ण झालेल्या हव्यात. मे अखेर पदवी मिळणार असेल आणि कंपनीने एप्रिलमध्येच पिटिशन टाकलं, तर मास्टर्स कोट्यातली निवड वाया जाते. अशा वेळी जूनपर्यंत थांबा, पदवी पूर्ण झाल्याचं कुलसचिवांचं पत्र घ्या, मगच दाखल करा.

भारतातली चार वर्षांची बीई किंवा बीटेक सहसा अडत नाही. नुसती तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएस्सी असेल तर अमेरिकी बॅचलर्सशी बरोबरी दाखवावी लागते. त्यासाठी शिक्षणाच्या एका कमी वर्षामागे त्याच क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव धरतात. जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं त्यासाठीच लागतात, आणि त्यात पद व तारखांबरोबर काम नेमकं काय होतं हेही हवं. बंद पडलेल्या कंपनीचं पत्र एप्रिलमध्ये मिळत नाही, जानेवारीत शोधाशोध केली तर एखादे वेळी मिळतं.

आता पगार. २०२६ च्या मोसमापासून लॉटरीचा स्वभावच बदलला आहे. २७ फेब्रुवारी २०२६ ला लागू झालेल्या नियमाने चिठ्ठ्या पगाराच्या पातळीनुसार पडतात: पहिल्या पातळीला एक, दुसऱ्या पातळीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. सरकारच्या स्वतःच्या अंदाजात पहिल्या पातळीची शक्यता सुमारे १५ टक्के, चौथीची सुमारे ६१ टक्के. नुकत्याच पास झालेल्या विद्यार्थ्याला हा नियम जड जातो, यात शंका नाही.

पातळी हुद्द्यावरून ठरत नाही. तीन गोष्टी मिळून ती ठरते: कामाचा एसओसी कोड (सरकारी व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक), कामाचं ठिकाण आणि प्रत्यक्ष देऊ केलेला पगार. त्या कोडसाठी त्या भागात सरकारने ठरवलेल्या पगाराच्या चार आकड्यांपैकी सर्वांत वरचा जो आकडा तुमचा पगार गाठतो, ती तुमची पातळी. हे आकडे श्रम खात्याच्या फ्लॅग संकेतस्थळावर आहेत आणि दर जुलैला बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची चित्रफीत बघून हिशेब करू नका. कोड, जिल्हा आणि पगार कंपनीकडून मागून घ्या आणि स्वतः पडताळा. कामाची ठिकाणं दोन असतील तर दोन्हींतली खालची पातळी लागते. ऑफर लेटरमध्ये पगार ‘अमुक ते तमुक’ असेल तर खालचा आकडा धरतात. दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या पातळ्या भरल्या, तर निवडीसाठी सर्वांत खालची मोजली जाते. त्यामुळे ‘अजून एक नोंदणी असू दे’ म्हणून एखाद्या सल्लागार कंपनीला नाव देणं आता सरळसरळ नुकसानीचं ठरू शकतं.

पातळी वाढवण्यासाठी स्वस्त गावाचा पत्ता किंवा सोयीचा कोड घालण्याची युक्ती कुणी सुचवली तर नाही म्हणा. मार्चमधला कोड, ठिकाण आणि पातळी पुढे एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने श्रम खात्याकडून मंजूर करून घ्यायचा अर्ज) आणि पिटिशनशी जुळावी लागते. संधी वाढवण्यासाठी आकडे फिरवले असं दिसलं तर पिटिशन फेटाळलं जातं, मंजूर झालेलंही रद्द होऊ शकतं.

मार्चमधला प्रत्यक्ष भाग लहान आहे. शुल्क २१५ डॉलर, २०२४ पर्यंत ते १० होतं. वकील माहिती भरतो, पण कंपनीच्या अधिकृत व्यक्तीने आपल्या खात्यात जाऊन जी-२८ (वकीलपत्र) आणि नोंदणी मंजूर केल्याशिवाय ती पुढे जात नाही. दरवर्षी काही नोंदण्या इथेच अडकतात, कारण तो साहेब रजेवर असतो. एकाच कंपनीने एकाच माणसाला दोनदा भरलं तर दोन्ही बाद. पाठवल्यावर चूक दिसली तर मुदत संपण्याआधी ती काढून नव्याने भरता येते, शुल्क मात्र पुन्हा भरावं लागतं. म्हणून ‘सबमिटेड’चा पुष्टीकागद मागून घ्या आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

निकाल ३१ मार्चपर्यंत कळतो. ‘सिलेक्टेड’ म्हणजे व्हिसा नव्हे, पिटिशन दाखल करण्याची परवानगी. त्यासाठी सहसा १ एप्रिलपासून किमान ९० दिवस मिळतात. एलसीएला ७ कामाचे दिवस लागतात. कंपनी नवी असेल तर श्रम खातं आधी तिचा कर-क्रमांक पडताळतं आणि त्यात आठवडा सहज जातो. आय-१२९ चं (पिटिशनच्या फॉर्मचं) मूळ शुल्क ७८० डॉलर, फसवणूक-प्रतिबंध ५००, आश्रय-कार्यक्रम ६००, प्रशिक्षण निधी १,५०० (२५ किंवा त्याहून कमी कर्मचारी असतील तर ७५०). लहान व ना-नफा कंपन्यांना काही सवलती आहेत. १५ कामाच्या दिवसांत निकाल हवा असेल तर मार्च २०२६ पासून आणखी २,९६५. प्रशिक्षण निधीचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेणं बेकायदा आहे. पगारातून कापू म्हणणाऱ्या कंपनीबद्दल तिथेच सावध व्हा.

यापेक्षा मोठी रक्कम १ लाख डॉलरची. २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवं पिटिशन टाकताना कंपनीने ती आधी भरल्याचा पुरावा जोडायचा असतो. आदेशाची मूळ मुदत १२ महिन्यांची, पण वाढवता येण्याजोगी. तेव्हा दाखल करण्याच्या दिवशी काय लागू आहे ते वकिलाला लेखी विचारा. अमेरिकेत एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्या आणि तिथेच स्टेटस (राहण्याचा दर्जा) बदलून एच-१बी घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम लागू नाही. मात्र अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की स्टेटसबदलाचा अर्ज सोडून दिला असं धरतात आणि ही रक्कम अंगावर येते. मे महिन्यात सांगलीला भावाचं लग्न असलं तरी मंजुरीआधी विमानात बसू नका. मुदतीत दाखल झालेल्या पिटिशनमुळे ओपीटी (पदवीनंतर काम करण्याची विद्यार्थ्याची परवानगी) संपली तरी काम करण्याची मुभा पुढच्या १ एप्रिलपर्यंत टिकू शकते. त्यासाठी अद्ययावत आय-२० (विद्यार्थी म्हणून पात्रता दाखवणारा कागद) विद्यापीठाकडून घ्या.

भारतातून जाणाऱ्यांनी डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज), आय-७९७ ची (पिटिशन मंजुरीच्या कागदाची) प्रत, एलसीए आणि पदव्या एकत्र ठेवाव्यात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमंही तपासतात. खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, आणि लिंक्डइनवरचा हुद्दा पिटिशनमधल्या कामाशी जुळला पाहिजे. एच-१बीवरचं काम १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याच्या आधी १० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही.

नाव लागलं नाही तर स्थिती ‘सबमिटेड’च दिसत राहू शकते. जागा उरल्या तर दुसरी फेरी होते, जशी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली. २०२५ मध्ये झाली नाही. तिच्यावर भिस्त ठेवू नका. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं आणि सरकारी वा ना-नफा संशोधन संस्था यांना दरवर्षीच्या जागांची ही मर्यादाच लागू नाही. तिथे वर्षभर कधीही पिटिशन टाकता येतं. मात्र तिथून खासगी कंपनीत जायचं झालं की त्या वेळी मार्चच्या रांगेत उभं राहावंच लागतं.