विमान येईपर्यंत काय? दूरच्या मूलनिवासी वस्त्यांमधली फ्लूची तयारी: या चुका टाळा

फ्लूच्या महासाथीचे बहुतेक आराखडे शहरात बसून लिहिले जातात. त्यांत रुग्णालय जवळ असतं, नळाला पाणी असतं आणि संपलेलं औषध दुसऱ्या दिवशी येतं. कॅनडाच्या उत्तरेतल्या, अलास्कातल्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या मूलनिवासी वस्तीत यातलं काहीच धरून चालता येत नाही. हवा बिघडली की विमान दोन-तीन दिवस उतरत नाही. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला मात्र एक ते चार दिवस पुरतात. म्हणजे मदत पोहोचते तोवर आजार घरोघरी गेलेला असतो. खालच्या बहुतेक चुका हा हिशेब विसरल्यामुळे होतात.

‘अहवाल आला नाही’ म्हणजे ‘रुग्ण नाहीत’ असं समजणं

एका नर्सच्या भरवशावर चालणाऱ्या केंद्रात साथ शिगेला पोहोचते, त्याच आठवड्यात नोंदी थांबतात. वर बसलेल्यांना आलेख खाली आलेला दिसतो आणि साथ ओसरली असं वाटतं. प्रत्यक्षात नर्सला कागद भरायला उसंत नसते, किंवा तीच तापाने पडलेली असते. उपाय सोपा आहे: रुग्ण नसले तरी दर आठवड्याला ‘शून्य’ असं कळवायचं, आणि शून्यही आलं नाही तर त्याच दिवशी फोन करायचा. हे काम नर्सवर टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेची निगराणीसाठीची व्याख्या ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप, खोकला आणि गेल्या दहा दिवसांत सुरुवात एवढीच आहे. अशा रुग्णांचा आकडा शाळेचा कारकूनही कळवू शकतो, आणि त्यासोबत गैरहजर मुलांचाही.

दुसरी फसगत टक्केवारीची. तीनशे माणसांच्या वस्तीत दोनाचे चार रुग्ण झाले की ‘शंभर टक्के वाढ’ दिसते आणि तिला काही अर्थ नसतो. तिथे सरळ आकडे आणि घरं मोजा. एकाच आठवड्यात एकमेकांशी नातं नसलेल्या तीन घरांत ताप दिसला तर चौकशी सुरू करा, असा साधा उंबरठा वस्तीतल्या लोकांशी बोलून आधीच ठरवा. तिसरी चूक रुग्ण हलवल्यानंतर होते. विमानाने शहरात नेलेला रुग्ण शहराच्या खात्यात मोजला जातो आणि वस्तीच्या नोंदीत गंभीर आजार दिसतच नाही. दाखल करतानाच राहण्याची वस्ती लिहून घ्या.

प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहणं

मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचा सर्वाधिक फायदा लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिल्यास होतो. नाकातला स्वॅब दोन ते आठ अंशांत ठेवायचा, विमानाची वाट पाहायची, शहरातल्या पीसीआरचा निकाल यायचा, तोवर ही मुदत उलटून जाते. जागेवर होणारी झटपट अँटिजेन चाचणी बरेच खरे रुग्ण चुकवते. त्यामुळे साथ सुरू असताना ती निगेटिव्ह आली म्हणून औषध रोखू नये. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, म्हातारी माणसं, मधुमेह किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले आणि ज्यांची प्रकृती झपाट्याने ढासळते आहे असे रुग्ण, यांना निव्वळ संशयावरून औषध सुरू करण्याची लेखी मुभा केंद्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला आधीच देऊन ठेवा. स्वॅब पाठवायचेच, पण ते कोणता विषाणू फिरतो आहे हे कळण्यासाठी. उपचार त्यावर अडवू नका. साठ्यात ३० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलही असू द्या. मुलांसाठीचं पातळ औषध मिळालं नाही तर कॅप्सूल उघडून गोड पातळ पदार्थात मिसळून देता येते.

पल्स ऑक्सिमीटरबाबतही सावध राहा. गार पडलेल्या बोटावर तो भलतंच दाखवतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे त्याचा कल असतो. आकडा ठीक असला तरी माणूस धापा टाकत असेल तर माणसाकडे बघा. ऑक्सिजन कॉन्संट्रेटर विजेवर चालतो, म्हणून जनरेटरचं डिझेल हेही औषधाच्या साठ्यातच धरा.

लस फक्त गरमीनेच बिघडते असं मानणं

फ्लूची लस गोठली की वाया जाते, आणि ती पुन्हा वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखीच असते. थंड प्रदेशात धावपट्टीवर पडून राहिलेला खोका हाच खरा धोका आहे. खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा आणि विमान उतरताना तिथे कोण उभं राहणार हे नावानिशी ठरवा. लस गोठली होती का हे ओळखण्यासाठी बाटली हलवून पाहण्याची चाचणी ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसींसाठी आहे. फ्लूच्या नेहमीच्या लसीला ती लावू नका.

‘हात धुवा, वेगळ्या खोलीत राहा’ एवढंच सांगून थांबणं

२००९ च्या जूनमध्ये एच१एन१ ची (स्वाइन फ्लूची) साथ कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या आयलंड लेक भागात पोहोचली, तेव्हा तिथल्या कित्येक घरांत नळाचं पाणी नव्हतं. एका घरात दोन-तीन कुटुंबं दाटीने राहत होती. गंभीर रुग्ण विमानाने विनिपेगच्या अतिदक्षता विभागांत न्यावे लागले. अशा ठिकाणी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर ही थट्टाच ठरते. पाण्याचे पिंप, साबण, आजाऱ्यांसाठी उघडता येईल असा शाळेचा किंवा सभागृहाचा हॉल, ही तयारी आधी. अमेरिकेत त्याच साथीत १२ राज्यांच्या पाहणीत मूलनिवासींचा मृत्युदर इतरांच्या चौपट आढळला. असे आकडे पाहून ‘त्यांचं रक्तच वेगळं’ म्हणणारे भेटतात. दाटीवाटी, जुने आजार आणि उशिरा मिळणारे उपचार समोर दिसत असताना रक्ताकडे बोट दाखवणं म्हणजे न केलेल्या कामावर पांघरूण घालणं आहे.

सगळे एकाच वेळी आडवे होतील हे गृहीत न धरणं

१९१८ च्या फ्लूच्या महासाथीत, नोव्हेंबरमध्ये, अलास्कातल्या आजच्या ब्रेविग मिशन या वस्तीत सुमारे ८० प्रौढांपैकी ७२ जण पाच दिवसांत गेले. त्याच काळात कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर ओकाक ही इनुइट मूलनिवासींची वस्ती जवळजवळ संपली. विषाणू जहाल होताच, पण चूल पेटवायला, पाणी आणायला, लेकरांना भरवायला उठू शकेल असं कोणी उरलं नाही, हेही त्या काळच्या अशा कित्येक मृत्यूंमागचं कारण होतं. आजच्या आराखड्यांत मास्कची संख्या असते, हे नसतं. प्रत्येक घरामागे एक शेजारचं घर ठरवा: सरपण, पाणी, पातळ पेज कोण देणार, बाळ कोण सांभाळणार. ते घरही आजारी पडलं तर तिसरं कोणतं, तेही लिहा.

वस्ती बंद केली की झालं, असं वाटणं

वेळेवर केलेली बंदी कामाची ठरते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून आलेलं ‘तालुने’ जहाज पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआत उतरू दिलं गेलं आणि तिथले जवळपास पाचातला एक माणूस दगावला. शेजारच्या अमेरिकन सामोआने कडक विलगीकरण पाळलं. तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही. पण आजच्या वस्तीत पाळी बदलणाऱ्या नर्स, बांधकाम मजूर, वैमानिक, शिक्षक ये-जा करतच असतात. नियम आधी त्यांना लागू करा. उपचारांसाठी शहरात गेलेले वस्तीतले लोक परत कसे येणार, आणि किराणा कसा येणार, हे ठरवल्याशिवाय दार लावू नका.

विचारल्याशिवाय सामान पाठवणं

२००९ मध्येच मॅनिटोबातल्या वस्त्यांना हँड सॅनिटायझर द्यायला उशीर झाला, कारण त्यातल्या अल्कोहोलचा गैरवापर होईल अशी शंका अधिकाऱ्यांना होती. पुढे सप्टेंबरमध्ये काही वस्त्यांत सामान उतरलं, तर त्यात प्रेतं ठेवायच्या पिशव्यांचा ढीग निघाला. लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मागणीची यादी वस्तीच्या प्रमुखांनी आणि जाणत्या म्हाताऱ्यांनी मंजूर केलेली असावी. वस्तीतून गोळा केलेली माहितीही आधी त्यांच्याकडे जावी. आपल्याच आजाराची बातमी रेडिओवर ऐकलेला माणूस पुढच्या वेळी स्वॅब देत नाही.

एक सूचना बर्ड फ्लूबद्दल. मेलेले पक्षी सर्वांत आधी शिकाऱ्यांना दिसतात. अलास्कात २०२३ मध्ये एक ध्रुवीय अस्वलही एच५एन१ ने मेलेलं आढळलं. शिकारीवर सरसकट बंदी घातली तर लोक सांगायचंच बंद करतील, कारण तेच त्यांचं अन्न आहे. त्याऐवजी कळवण्यासाठी एक ठरलेला माणूस द्या आणि इतकंच सांगा: आजारी किंवा मेलेला पक्षी उचलू नका, पक्षी उघड्यावर, हातमोजे घालून साफ करा, आणि मांस आतपर्यंत ७४ अंशांवर शिजवा.