सुट्टीत मुलांना जुने कार्टूनपट दाखवताना कात्री कुठे लावावी

काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातल्या एका शाळेत नाताळच्या सुट्टीआधी मी मुलांना जुने अमेरिकी कार्टूनपट दाखवले. त्यांपैकी एकात गवताचा घागरा नेसलेली, केसांत हाड खोचलेली 'जंगली' माणसे कढईभोवती नाचू लागली, तेव्हा सगळा वर्ग खदखदून हसला, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी एका भिल मुलाला 'झिंगालाला' अशी हाक ऐकू येऊ लागली. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण चित्रफीत आधी न पाहता लावणारा मीच होतो. त्यानंतर जी पद्धत बसवली ती येथे देत आहे.

सर्वप्रथम प्रत्येक लघुपट एकट्याने, आवाजासह, शेवटपर्यंत पाहावा आणि वही जवळ ठेवून कोणत्या मिनिटाला नेमके कशावर हसवले आहे ते लिहावे. एक लघुपट साधारण सात मिनिटांचा असतो, त्यामुळे हे काम एका संध्याकाळचे आहे. सर्वांत जास्त वेळा आढळणारा विनोद म्हणजे स्फोट होतो, पात्राचे तोंड काळे होते, ओठ जाड होतात आणि केसांच्या बारीक वेण्या उभ्या राहतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसांची नक्कल करीत, तिथून हा विनोद आला आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक नसते. त्यांना ती चुलीची काजळी वाटते. म्हणून येथे काहीच बिघडत नाही असे कोणी म्हणेल, पण ज्या वर्गात सावळ्या मुलाला सरसकट 'ए काया', म्हणजे 'ए काळ्या', म्हणून हाक जाते, त्या वर्गात काळे तोंड म्हणजे हसण्याची गोष्ट हा धडा इतिहास न कळताही पोहोचतो.

दुसरे काम म्हणजे आपल्या हातात कोणती प्रत आहे हे ओळखणे, कारण बऱ्याच चित्रपटांवर कात्री आधीच चालून गेलेली असते. 'फॅन्टेशिया' हा चित्रपट १९४० सालचा. त्यात अर्धी स्त्री, अर्धी घोडी अशा गोऱ्या पात्राच्या खुरांना चकाकी देणारी एक काळी सेविका होती, तिला १९६९ च्या पुनर्प्रदर्शनापासून काढून टाकण्यात आले. 'टॉम अँड जेरी'मधली घरकाम करणारी काळी बाई, जिला लिलियन रँडॉल्फ यांचा आवाज होता, ती १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही भागांत चक्क गोरी करून नव्याने रेखाटली गेली. वॉर्नर ब्रदर्सचे अकरा लघुपट तर १९६८ पासून दूरचित्रवाणीच्या प्रसारणातूनच बाजूला ठेवले गेले. याउलट डिस्नेने २०२० मध्ये 'डिस्ने प्लस' या आपल्या इंटरनेटवरच्या चित्रपटसेवेवर 'पीटर पॅन', 'डंबो' यांसारखे चित्रपट तसेच ठेवून, ही चित्रणे तेव्हाही चुकीची होती आणि आजही चुकीची आहेत, अशी सूचना आरंभी जोडली.

या उपायांत मला सर्वांत वाईट वाटतो तो पात्र बदलण्याचा. काळ्या मोलकरणीच्या जागी गोरी बाई आणल्याने अपमान पुसला जात नाही; फक्त अपमान करणाऱ्याची सही पुसली जाते, आणि राबणारी बाई मात्र पडद्यावरून जाते.

म्हणून निर्णय वयावर सोपवावा. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी असा लघुपट कापत बसू नये, सरळ दुसरा निवडावा. या वयात चित्र डोक्यात राहते आणि त्याबरोबर दिलेले स्पष्टीकरण विसरले जाते. पाचवी-सहावीला दृश्य काही सेकंदांचे असेल आणि गोष्ट त्यावर उभी नसेल, तर ते सर्वांसमक्ष पुढे सरकवावे आणि का सरकवले ते तिथेच सांगावे. सातवीपासून पुढे संपूर्ण दाखवावे; मात्र बोलायचे ते आधी, कारण हसून झाल्यावर आलेले भाषण शिक्षेसारखे लागते. आधीचे बोलणेही लांबवू नये. मी एवढेच सांगतो: "हे चित्र काढणाऱ्यांनी काही माणसांची थट्टा केली आहे. ती कोणाची, कशी केली आहे, ते शोधत पाहा."

पाहून झाल्यावर प्रश्न विचारायचा तो त्या पात्राविषयी: त्याला नाव आहे का, ते पूर्ण वाक्य बोलते का, त्याला घर आहे का? एका मुलीने हात वर करून सांगितले, "सर, तो नुसता ओरडतो, बोलतच नाही." त्यानंतर सातपुड्यातल्या काठी या गावच्या आदिवासी होळीचा विषय निघाला, तिथली मोरपिसांची टोपी, कमरेचे भोपळे आणि घुंगरू आठवले आणि हा पेहराव नवसाचा आहे, सोंगाचा नाही, हे वर्गातच स्पष्ट झाले. मात्र आधी न विचारता एकाच आदिवासी मुलाला उभे करून सगळ्यांना माहिती द्यायला लावू नये. तो त्या दिवशी विद्यार्थी म्हणून आलेला असतो.

कापलेली प्रत स्वतः तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवण्याचा मोहही टाळावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कलाकृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास लेखकाला दाद मागता येते. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरते चित्रपट दाखवण्याची मुभा आहे, पण गावच्या चौकात पडदा लावला की ती मुभा उरत नाही.

शेवटी पेनड्राइव्हच्या पाकिटावर लघुपटाचे नाव, अडचणीचे मिनिट आणि कोणत्या इयत्तेला दाखवला एवढे शाईने लिहून ठेवावे, कारण पुढच्या सुट्टीत ते पाकीट बहुधा दुसऱ्याच शिक्षकाच्या हाती असते.