अंदाज जिल्ह्याचा, रस्ता आपला: विदर्भात गाडी काढण्याआधी हवामान कसं बघायचं

फोनवर ढगाचं चित्र आणि खाली '६०%' एवढं पाहून किक मारली, याला अंदाज बघणं म्हणत नाहीत. तो आकडा बहुधा जवळच्या मोठ्या गावाचा असतो. ६० टक्के म्हणजे दिवसातला ६० टक्के वेळ पाऊस, असंही नाही. अशी हवा दहा वेळा असली तर त्यातल्या सहा वेळा तिथे पाऊस होतो, एवढाच त्याचा अर्थ. दुचाकीवाल्याला लागतात तीन गोष्टी: पाऊस किती वाजता, रस्त्याच्या कोणत्या तुकड्यावर, आणि वरच्या अंगाला पडलेलं पाणी आपल्या रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) कधी पोचणार. तिसरी गोष्ट फोनवरच्या त्या चित्रात कधीच दिसत नाही, आणि खेड्यापाड्याच्या रस्त्यांवर घोळ होतो तो नेमका तिथेच.

आदल्या रात्री

सुरुवात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या जिल्हानिहाय अंदाजापासून करा. विदर्भाचे अकराही जिल्हे त्यात असतात. आपला एकच जिल्हा बघू नका, रस्ता ज्या-ज्या जिल्ह्यांतून जातो ते सगळे बघा. रंग सगळ्यांना माहीत असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे धोका. पण रंगापेक्षा कामाचे असतात त्याखालचे शब्द. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या भागात. पिवळा इशारा आणि 'तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस' असं असेल तर सकाळी निघून दुपारी दोनच्या आत पोचणाऱ्याला अडचण येण्याचा संभव कमी. कारण उन्हाळ्यातले आणि परतीच्या पावसातले गडगडाटी ढग जमीन तापल्यावर, म्हणजे बहुधा दुपारनंतरच उभे राहतात.

एक बारकी गोष्ट बरेच जण चुकतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. त्यामुळे 'आज मुसळधार' हा इशारा उद्या पहाटेच्या पावसालाही लागू असतो. पहाटे पाचला निघणार असाल तर आजचाच अंदाज वाचायचा, उद्याचा नाही.

मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, अति मुसळधार म्हणजे ११५.६ ते २०४.४. हा आकडा दिवसभराचा आहे हे विसरू नका. ७० मिलिमीटर पाऊस झडीसारखा दिवसभर रिपरिपला तर रेनकोट घालून, वेग कमी ठेवून गाडी चालवता येते. तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळला तर गुडघाभर खोलीचा नालाही पुलावरून वाहू लागतो.

पाऊस कोणत्या वेळी पडणार याचा अंदाज विंडीसारख्या ॲपवर तासातासाने दिसतो. तिथे एकच नमुना (संगणकाने मांडलेला अंदाज) बघू नका, ईसीएमडब्ल्यूएफ आणि जीएफएस हे दोन्ही नमुने उघडा. दोघेही दुपारी तीन ते सहा म्हणत असतील तर त्यावर भरवसा ठेवून निघायची वेळ ठरवा. एक सकाळ सांगतो, दुसरा रात्र सांगतो, असं असेल तर दोघांनाही बाजूला ठेवा आणि सकाळी रडार बघा. कोणत्या गावावर ढग फुटेल हे आदल्या रात्री कोणीच सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर जास्तच संशय घ्यावा.

निघण्याआधी अर्धा तास

नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडा. चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर ताजं चित्रही जुनं समजाल. आता अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवा. गडद पट्टा १५ किलोमीटर सरकला असेल तर त्याचा वेग ताशी ३०. तो तुमच्या रस्त्यापासून ४५ किलोमीटरवर असेल तर दीड तासात पोचेल. मग स्वतःला विचारा, दीड तासाने मी कुठे असेन? ढग आडवा जात असेल तर बरेचदा चहाच्या टपरीवर ४० मिनिटं काढली की काम होतं. तो रस्त्याच्या रेघेवरूनच सरकत असेल तर थांबून सुटका नाही.

रडारलाही मर्यादा आहे. त्याचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वळते, त्यामुळे २५० किलोमीटरवर तो जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचावरून जातो आणि खालचा पाऊस त्याला दिसत नाही. बुलडाणा आणि सिरोंचा तर नागपूरपासून त्याही पलीकडे आहेत, भामरागड जेमतेम काठावर. या भागात चित्र कोरं दिसलं म्हणून आभाळ कोरं समजू नका. पलीकडच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून 'कोणत्या बाजूने काळं झालंय?' एवढं विचारा. रडारपेक्षा ते खरं निघतं.

पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा 'मौसम' ॲपवर मिळतो. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ठेवा, ते तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. नेटवर्क गेलं तर कान वापरा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या इमारतीत शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. रबरी टायर विजेपासून वाचवतात ही निव्वळ समजूत आहे. वावरातल्या एकट्या मोहाखाली किंवा कडुनिंबाखाली उभं राहणं तर त्याहून वाईट.

वरच्या अंगाचं पाणी

आपल्या डोक्यावर ऊन आणि रस्ता मात्र बंद, हा प्रकार पूर्व विदर्भात नवा नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून येते. तिकडे पाऊस झाला की पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या ३३ पैकी काही किंवा सगळे दरवाजे उघडतात आणि वडसा, आरमोरी, गडचिरोलीच्या अंगाला पाणी चढतं. नुसती नदी चढत नाही. तिचं पाणी कठाणीसारख्या उपनद्यांना मागे रेटतं आणि त्यांच्यावरचे ठेंगणे पूल बुडतात. भामरागडला हेच इंद्रावती आणि पर्लकोटाचं. इंद्रावती बस्तरमधून येते, त्यामुळे आलापल्लीकडून पुढे जायचं असेल तर गडचिरोलीच्या आधी छत्तीसगडचा पाऊस बघावा लागतो.

बघायचं ते असं. धरणाच्या विसर्गाची बातमी वाचताना एकक तपासा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. क्युसेकला क्युमेक समजलं तर भलताच हिशोब होतो. एका आकड्यापेक्षा विसर्ग वाढतोय की घटतोय ते बघा. मग कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर रस्त्यातल्या महसूल मंडळांचा कालचा पाऊस काढा. एखाद्या मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर झाला असेल तर ती महसुली भाषेत अतिवृष्टी. तिथले नाले भरलेलेच समजा, आजचा अंदाज हिरवा असला तरी. शेवटी १०७७ वर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला रस्त्याचं नाव सांगून विचारा, 'वाहतूक सुरू आहे का?'

वाहत्या पाण्यात पायी माणूस वीतभर खोलीलाही घसरतो, दोन चाकांची गाडी त्याहून आधी. रपट्याची कड दिसत नसेल तर पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊ नका. त्याचं वजन आणि त्याची चाकं आपल्याकडे नाहीत.

मातीचा अंदाज

डांबरी संपून पांदण लागणार असेल तर आकाशापेक्षा माती महत्त्वाची. यवतमाळ, वर्ध्याची काळी माती आणि अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली चिकण माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत थापून बसते आणि पुढचं चाक जाम होतं. आदल्या दिवशी १५-२० मिलिमीटर झाला असेल तर पांदणीचा नाद सोडा, ऊन पडलेलं असलं तरी. जायचंच असेल तर काडी सोबत ठेवा आणि दर काही अंतरावर उतरून चिखल काढा. रेस वाढवून चाक फिरवलं की क्लच प्लेट जळते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर हा चिखल डांबरीवर आणतात. त्यावर पहिली सर पडली की वळणावर साबण लावल्यासारखं होतं.

बाकी ऋतू

मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, बघायचं ते कमाल तापमान. ४५ अंशांना हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा थंडावा देत नाही, उलट भाजतो. म्हणून पूर्ण बाह्या, डोक्याला ओला दुपट्टा आणि सकाळी दहाच्या आत मुक्काम. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं किमान तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) यांत एक-दोन अंशांचाच फरक असेल आणि वारा पडलेला असेल तर नदीकाठी आणि धानपट्ट्यात पहाटे धुकं येणार. आठनंतर निघा. फेब्रुवारी ते एप्रिल गारपिटीचा शब्द अंदाजात दिसला की दुपारचा प्रवास नकोच.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी परतवाड्याचा अंदाज वापरू नये. वर १,१०० मीटरच्या आसपास उंची आहे, सहसा चार-पाच अंश तरी थंड असतं आणि पावसाळ्यात ढग रस्त्यावरच बसतो. खाली नुसतं भुरभुरत असलं तरी घाटात दहा पावलांवरचं दिसत नाही.

निघताना अंदाजाचे आणि रडारचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मेळघाट आणि दक्षिण गडचिरोलीत नेटवर्क मधेच जातं. रेनकोट जॅकेट-पँटचा घ्या. पोंचो वाऱ्याने फडफडून चेनमध्ये अडकतो. फोन आणि कागदपत्रांना पन्नी लागतेच. परतीच्या वेळी पुन्हा सगळं बघा, कारण सकाळी पार केलेल्या नाल्याची संध्याकाळी खात्री नसते. पाणी उतरलेलं दिसलं तरी रपट्यावर बोटभर गाळ आणि वाहून आलेल्या फांद्या राहतात. पहिल्या गिअरमध्ये, समोरचा ब्रेक न दाबता, सरळ रेषेत काढा. पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक दोन-चारदा हलके दाबून कोरडे करा, मगच वेग घ्या.