छोट्या थ्रीडी विमानासाठी मोटर आणि प्रॉप: या चुका टाळा

रिमोटवर उडणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या कसरतीच्या (थ्रीडी) छोट्या विमानात सगळ्यात महागात पडणारी चूक खरेदीच्या वेळीच होते. आधी मोटर घ्यायची, मग तिच्यावर बसेल तो प्रॉप (पुढचा पंखा) शोधायचा. क्रम उलटा हवा. विमानाचं बॅटरीसकट वजन करा, ते कसं उडवायचं ते ठरवा. त्यावरून प्रॉप, प्रॉपवरून मोटरचा केव्ही (वेगाचा आकडा, तो पुढे सांगतो), आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) व बॅटरी सगळ्यात शेवटी. नुसते लूप-रोल करायचे तर वजनाइतका थ्रस्ट (प्रॉपची ओढ) पुरतो. प्रॉपवर टांगून हॉवर करायचं, म्हणजे हवेत जागीच थांबायचं असेल तर दीडपट ते दुप्पट लागतो, म्हणजे ५०० ग्रॅमच्या विमानाला ७५० ग्रॅम ते १ किलो.

जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, हा गैरसमज काही जाता जात नाही. लोड नसताना मोटर दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे मारते, एवढंच केव्ही सांगतो. २२१२ मापाची मोटर १००० केव्हीतही मिळते आणि २२०० केव्हीतही. अंग तेच, वाइंडिंग वेगळं. थ्रीएसवर (तीन सेलच्या बॅटरीवर) पहिली १० इंची प्रॉप आरामात फिरवते, दुसरीला ६ इंची पुरे. तोच प्रॉप ४० टक्के जास्त वेगाने फिरवायचा तर पॉवर जवळपास पावणेतीन पट लागते, कारण ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. ‘जरा फास्ट मोटर’ घेतली की वाइंडिंग करपण्याची तयारी ठेवावी. मोटरची खरी ताकद ताडायची असेल तर तिचं वजन बघा. छापील आकड्यांपेक्षा ते बरंच प्रामाणिक असतं.

प्रॉपचा व्यासही असाच फसवतो. १० इंचीच्या जागी ११ इंची ‘फक्त एकच इंच’ मोठा वाटतो, पण तेवढ्याच फेऱ्यांना तो साधारण ४६ टक्के जास्त पॉवर खातो. पिचचं (एका फेऱ्यात प्रॉप जितकं पुढे सरकेल ते अंतर) उलट: विमान हळू वाटतं म्हणून पिच वाढवला की हॉवरमध्ये पाती हवा नीट पकडत नाहीत, करंट मात्र वाढतो. १० बाय ४.७ चा (इंचांत व्यास बाय पिच) प्रॉप ८००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, ताशी ५७ किलोमीटरचा पिच स्पीड (पिच गुणिले फेरे) देतो. थ्रीडीला तेवढा भरपूर झाला. मात्र पातळ स्लो-फ्लाय प्रॉप भरधाव मोटरवर लावू नका. त्यांना आरपीएमची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की पातं तुटून उडू शकतं.

मोटर-प्रॉपची नवी जोडी लावली की वॉटमीटरशिवाय (करंट आणि व्होल्ट दाखवणारं मीटर) उडवायचं नाही, याला अपवाद नको. विमान घट्ट बांधा, प्रॉपच्या रेषेत उभे राहू नका, पॅक पूर्ण चार्ज असू द्या. मीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडून काही सेकंदच फुल थ्रॉटल द्या. २० अँपिअर दिसले तर ईएससी २५ ते ३० चा हवा. थ्रीएस पॅक १०.५ व्होल्टच्या खाली घसरला तर मोटरला दोष देऊ नका, बॅटरी दमलेली आहे. पुढे उडताना प्रॉपवरचा भार हलका होतो, पण हॉवरमध्ये तो जमिनीवरच्याइतकाच राहतो. म्हणून मीटरवर काठावर बसलेली जोडी थ्रीडीला घेऊ नये.

आता नेहमीच्या तक्रारी. मोटर उलटी फिरते: तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. थ्रॉटल देताच नुसती थरथरते, फिरत नाही: बहुतेक एखादं बुलेट कनेक्टर किंवा सोल्डर सैल आहे, तसंच रेटलं तर ईएससी जातो. आवाज येतो पण ओढ नाही: प्रॉप उलटा बसलाय का बघा, अक्षरांची बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला हवी. थ्रॉटलबरोबर पूर्ण विमान थरथरतं: प्रॉप बॅलन्स करा, शाफ्ट वाकलाय का तपासा. उडून आल्यावर मोटरवर बोट तीन-चार सेकंद टेकवता येत नसेल तर प्रॉप एक इंचाने कमी करा. साध्या निओडिमियम मॅग्नेटचं चुंबकत्व ८० अंशांच्या पुढे कमी होऊ लागतं. आणि मोटर नीट चालत असताना सर्व्होच (विमानाच्या पाट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) झटके देत असतील, तर ईएससीतला बीईसी (सर्व्होंना वीज पुरवणारा भाग) चार सर्व्होंना पुरत नसतो. वेगळा बीईसी लावा.