उन्हाळी स्पिरुलिना: गोबरगॅसमधला कार्बन डायऑक्साइड टाकीला कसा द्यावा

मार्च ते मे स्पिरुलिना (खाण्यासाठी टाकीत वाढवायचे निळे-हिरवे शेवाळ) झपाट्याने वाढते आणि खाण्याचा सोडाही तितक्याच वेगाने संपवते. सोड्यातले बायकार्बोनेट घटले की पाण्यात कार्बोनेट उरते, सामू (pH) १०.५ च्या वर जातो आणि वाढ मंदावते. अशा वेळी सोड्याची नवी गोणी फोडू नका. याच पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरवला की कार्बोनेटचे पुन्हा बायकार्बोनेट होते.

१० बाय ५ फुटांच्या टाकीत २० सेंमी पाणी म्हणजे साधारण ९३० लिटर. रोज ४० ग्रॅम वाळलेला माल निघत असेल तर सुमारे ७० ग्रॅम, म्हणजे ४० लिटर कार्बन डायऑक्साइड लागतो. तेवढा शंभरेक लिटर गोबरगॅसमध्ये असतो.

गॅस थेट टाकीत कधीही सोडू नका; मिथेन पेट घेतो. ४ इंची, २ मीटर उंच पीव्हीसी पाइप उभा करा आणि आत प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे भरा. काढणीनंतरचे गाळलेले पाणी वरून झिरपू द्या, गॅस खालून द्या. पाइप पाण्याने भरून बुडबुडे काढायचा मोह होतो, पण २ मीटर पाण्याला रेटण्याइतका दाब गोबरगॅसला नसतो. पाणी बाहेर पडते तिथे यू आकाराचा बाक हवाच, नाहीतर पाण्याबरोबर गॅसही निसटतो. धुतलेला गॅस शेगडीला जोडा, ज्योत सुधारते. तांब्या-पितळेची जोडणी टाळा. तांबे शेवाळाला विष आहे.

गॅस पाइपात येण्याआधी गंजलेल्या लोखंडी किसाच्या डब्यातून न्या, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड तिथेच अडकतो.

कार्बोनिक अनहायड्रेज हे जस्तयुक्त एन्झाइम कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट फार वेगाने करते. पण ते टाकीत ओतणे म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात: तिथे ते विरळ होते, जिवाणू ते खातात आणि स्पिरुलिनाकडे स्वतःचे असतेच. पाइपातल्या तुकड्यांवर पक्के बसवले तरच उपयोग. तिथेही सल्फाइड आले तर ते जस्ताला चिकटून एन्झाइम बंद पाडते. शिवाय सामू १० च्या पुढे पाण्यातले हायड्रॉक्साइडच हे काम बऱ्यापैकी उरकते. एकदोन टाक्यांसाठी एन्झाइम विकत घेण्यापेक्षा तेच पाणी पाइपातून दोन-तीनदा फिरवा.

सामू ९.५ वर आला की गॅस बंद करा. ९ च्या खाली गेला तर इतर शेवाळे घुसतात. बाष्पीभवनाची तूट जड बोअरच्या पाण्याने भरू नका. चुना तळाशी बसतो आणि फॉस्फेटही घेऊन जातो. टाकीचे पाणी ३८ अंशांवर जाऊ लागले तर दुपारी ५० टक्के शेडनेट ओढा.