कंपोझिट बीम आणि पीळ: या चुका टाळा

पोलादी बीमवर काँक्रीट ओतलं की कंपोझिट बीम (पोलादी बीम आणि काँक्रीट स्लॅब एकजीव होऊन भार उचलतात तो) तयार झाला, असं समजणं ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. ओलं काँक्रीट बीमवर वजन टाकतं, ताकद देत नाही. पुढे ज्या वरच्या फ्लँजला (बीमच्या आडव्या पट्टीला) स्लॅब घट्ट धरून ठेवणार असतो, तो त्या वेळी मोकळा असतो. दाब वाढला की तो बाजूला सरकतो आणि सगळा बीमच पिळला जातो. ओतकामाच्या अवस्थेचं गणित वेगळं मांडा. टेकू नसतील तर ब्रेसिंग (बीमला बाजूने धरणारे आधार) आधी तपासा, मगच काँक्रीट मागवा.

कडेच्या बीमला हा धोका जास्त. बाहेर झुकलेल्या स्लॅबचं शटरिंग त्यालाच टांगलेलं असतं, भार वेबच्या (बीमच्या मधल्या उभ्या पट्टीच्या) रेषेबाहेर पडतो. इंग्रजी I आकाराचा छेद वाकण्यात तगडा, पिळात फार दुबळा. भिंतीच्या मध्यरेषेवर मोजल्यास 200 मिमी बाजूची, 10 मिमी जाडीची चौकोनी नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर पाडा. पोलाद तेवढंच राहतं, पण शुद्ध पिळाला विरोध करणारा स्थिरांक सुमारे 300 पट कमी होतो. वरून उघडा बॉक्स गर्डर (पेटीच्या आकाराचा बीम) स्लॅब घट्ट होईपर्यंत या चिरलेल्या नळीसारखाच वागतो, म्हणून त्याला वरच्या बाजूने आडवं ब्रेसिंग लागतं.

स्लॅबने छेद बंद झाल्यावर पिळाचा शिअर (सरकवू पाहणारा जोर) वेबमधून स्लॅबमध्ये स्टडवाटेच (फ्लँजवर वेल्ड केलेल्या खुंट्यांवाटेच) जातो. तरी स्टड मोजताना अनेक जण फक्त वाकण्यातला शिअर धरतात. एका वेबवर हे दोन्ही शिअर एकमेकांत मिळतात, दुसरीकडे वजा होतात. पुलावर वाहनं बाजू बदलतात, तेव्हा मोठा आकडा दोन्हीकडे वापरा.

स्लॅबवर तिरप्या भेगा दिसल्या तर पीळ हे कारण तपासून पाहा. भेगाळलेल्या स्लॅबची पीळ-दृढता बरीच घटते. न भेगाळलेला छेद धरून केलेलं गणित मग लागू पडत नाही. बीमच्या डोक्यावरून लांबीच्या दिशेने गेलेली भेग मात्र बहुधा आडव्या सळया अपुऱ्या पडल्याची खूण असते.

डिफ्लेक्शन (बीमचं खाली लवणं) हिशेबापेक्षा जास्त आलं तर पोलादावर संशय घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: स्टड कमी असल्याने स्लॅब आणि फ्लँजमध्ये होणारी घसरण, आणि क्रीप (सततच्या भाराखाली काँक्रीटचं हळूहळू वाढत जाणारं विरूपण). पोलादाचा स्थितिस्थापकता मापांक (ताठरपणाचं माप) 200 आणि काँक्रीटचा 25 गिगापास्कल धरला तर गुणोत्तर 8 येतं. क्रीपमुळे कायमच्या भारासाठी तेच साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त धरावं लागतं.