बीएमएसच्या सिग्नलवर कॉन्टॅक्टर चालवायचा, तर वायरिंग कसं करावं

छोट्या बॅटरीत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टम) करंट स्वतःच तोडतो. त्याच्या बोर्डावरचे मॉसफेट स्विचचं काम करतात. पॅकमधून दोनशे-तीनशे अँपिअर वाहू लागले की हे काम कॉन्टॅक्टरवर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की जोडणाऱ्या आणि ती गेली की सुटणाऱ्या मोठ्या स्विचवर, सोपवलेलं बरं. मॉसफेट जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच जळतो, म्हणजे नेमकं तोडायच्या वेळी तो जोडलेला राहतो. कॉन्टॅक्टर बसवला की बीएमएसकडे फक्त निर्णय उरतो आणि तो एका बारीक तारेवरून कॉइलपर्यंत जातो. जाड केबल सगळेच काळजीने जोडतात. घोळ होतो तो या बारीक तारेत.

म्हणून प्रत्येक जोडणीला एकच प्रश्न विचारत चला: ही तार निघाली, हा फ्यूज उडाला किंवा बीएमएसच बंद पडला, तर कॉन्टॅक्टर सुटेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर जोडणी बदला, मग ती कितीही छान चालत असो.

उदाहरणासाठी १६ सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक धरू. त्याचं नाममात्र व्होल्टेज ५१.२, पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.४ पर्यंत. कॉन्टॅक्टरची कॉइल १२ व्होल्टची. याहून बऱ्याच जास्त व्होल्टेजच्या पॅकला इथली माहिती पुरेशी नाही. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य फ्यूज काढा, अंगठी आणि घड्याळ उतरवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. टर्मिनलांवर आडवा पडलेला पाना हजारो अँपिअर ओढू शकतो.

१. आउटपुट कसलं आहे ते ओळखा

बीएमएसची आउटपुट साधारण तीन प्रकारची असतात. काहींत छोटा रिले (कॉन्टॅक्टरसारखाच, पण लहान स्विच) असतो आणि त्याचे दोन कोरडे, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेले, संपर्क बाहेर दिलेले असतात. काही ३.३ किंवा ५ व्होल्टचा सिग्नल देतात. सर्वांत जास्त गोंधळ उडवणारा प्रकार म्हणजे ओपन ड्रेन किंवा ओपन कलेक्टर. हे आउटपुट स्वतः व्होल्टेज देतच नाही, फक्त तार पॅकच्या निगेटिव्हकडे ओढतं. त्यावर मल्टिमीटर धरून ‘शून्य येतंय, म्हणजे बोर्ड गेला’ असं ठरवू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे. १२ व्होल्टच्या सप्लायचा निगेटिव्ह पॅकच्या निगेटिव्हला जोडा. सप्लायचा पॉझिटिव्ह आणि आउटपुट यांच्यामध्ये १ किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. आता आउटपुटवर व्होल्टेज मोजा: बंद असताना १२ च्या आसपास, चालू असताना जवळजवळ शून्य. रेझिस्टरमुळे करंट १२ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे नाजूक आउटपुटलाही धोका नाही. त्याआधी एवढं मात्र पाहा की तुमचं आउटपुट १२ व्होल्ट सहन करतं असं डेटाशीटमध्ये लिहिलं आहे.

याहून महत्त्वाचा भाग आउटपुटच्या अर्थाचा. काही आउटपुट ‘परवानगी’ची असतात, सगळं ठीक असताना चालू. काही ‘अलार्म’ची, बिघाड झाला की चालू. कॉन्टॅक्टरसाठी परवानगीचंच घ्या. अलार्मच्या आउटपुटवर रिलेचा उलटा संपर्क वापरून काम होतं, पण मग तार तुटली की अलार्म पोचत नाही आणि कॉन्टॅक्टर निवांत जोडलेला राहतो. वरच्या प्रश्नावर ही जोडणी नापास. बऱ्याच बीएमएसमध्ये आउटपुटचा अर्थ सेटिंगमधून उलटवता येतो; तो तिथेच उलटवा.

२. कॉइलची भूक मोजा

डेटाशीटमध्ये दोन आकडे शोधा: खेचण्याचा करंट आणि धरून ठेवण्याचा करंट. इकॉनॉमायझर (खेचून झाल्यावर कॉइलचा करंट कमी करणारं सर्किट) असलेला मोठा कॉन्टॅक्टर सुरुवातीच्या क्षणी ४ अँपिअरच्या जवळपास घेऊ शकतो आणि मग ०.१३ अँपिअरच्या आसपास स्थिरावतो. साधी कॉइल सतत एक अँपिअर घेणारीही असू शकते. बीएमएसचं आउटपुट मात्र अनेकदा १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमीच सोसतं. म्हणजे थेट जोडणं जवळपास कधीच चालत नाही. मध्ये एक छोटा रिले लागतो.

हा मधला रिलेही निवडून घ्या. गाडीत वापरतात तो चौकोनी १२ व्होल्टचा रिले हाताशी असतो, पण त्याचीच कॉइल दीडशे मिलिअँपिअर घेते. ४०० ओहम कॉइलचा छोटा रिले फक्त ३० मिलिअँपिअरवर चालतो आणि त्याचा १० अँपिअरचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पुरून उरतो.

३. कंट्रोलची जोडणी

इथे ओपन ड्रेन आउटपुट धरलं आहे. १२ व्होल्ट पॉझिटिव्हपासून सुरुवात करा. तिथून ५ अँपिअरचा फ्यूज, मग इमर्जन्सी बटणाचा एरवी जोडलेला संपर्क, त्यापुढे छोट्या रिलेचा एरवी उघडा संपर्क आणि तिथून कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं पॉझिटिव्ह टोक. कॉइलचं दुसरं टोक १२ व्होल्टच्या निगेटिव्हला. छोट्या रिलेच्या कॉइलचं एक टोक त्याच फ्यूजच्या पुढे पॉझिटिव्हला आणि दुसरं बीएमएसच्या आउटपुटला. १२ व्होल्टचा निगेटिव्ह आणि पॅकचा निगेटिव्ह एक असायलाच हवेत. पॅकच्या व्होल्टेजचे १२ व्होल्ट करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आयसोलेटेड (आतून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा) असेल आणि हे दोन निगेटिव्ह जोडले नसतील, तर ओपन ड्रेनचं सर्किट पूर्णच होत नाही.

कोणतीही कॉइल बंद होताना उलटं व्होल्टेज उसळवते. छोट्या रिलेच्या कॉइलवर डायोड लावा, १एन४००७ चालतो. पट्टी असलेलं टोक पॉझिटिव्हकडे. हा डायोड विसरलात तर बीएमएसचा आउटपुट ट्रान्झिस्टर जातो, कधी पहिल्याच दिवशी तर कधी महिनाभराने.

पण मोठ्या कॉन्टॅक्टरवर डोळे झाकून डायोड लावू नका. साध्या डायोडमुळे कॉइलमधला करंट हळूहळू विरतो, संपर्क सावकाश उघडतात आणि आर्क, म्हणजे उघडत्या संपर्कांमधली ठिणगी, जास्त वेळ राहतो. इकॉनॉमायझर असलेल्या कॉन्टॅक्टरमध्ये बहुधा आतच सोय असते. नसेल तर डायोडसोबत उलट्या दिशेने झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट्या दिशेनेही वाहू देणारा डायोड) लावा किंवा उत्पादकाने सांगितलेला सप्रेसर वापरा.

४. बारा व्होल्ट कुठून घ्यायचे

कन्व्हर्टर कॉन्टॅक्टरच्या अलीकडून, म्हणजे पॅकच्या बाजूने आणि स्वतःच्या फ्यूजमधून जोडा. पलीकडून जोडला तर एकदा सुटलेला कॉन्टॅक्टर पुन्हा लागणारच नाही. कन्व्हर्टर ४ अँपिअरचा क्षणिक ओढा पेलणारा हवा. तो २ अँपिअरचा असेल तर व्होल्टेज बसतं आणि कॉन्टॅक्टर टक-टक करत राहतो. लांब, बारीक तारेनेही हेच होतं.

याची किंमतही आहे. ०.१३ अँपिअर म्हणजे दीड वॉटहून थोडं जास्त, दिवसाला ३८ वॉट-तासांच्या आसपास. सतत १ अँपिअर घेणारी साधी कॉइल दिवसाला २८८ वॉट-तास खाते. आपला पॅक १०० अँपिअर-तासाचा धरला, तर त्यात एकूण ५,१२० वॉट-तास आहेत. शिवाय कमी व्होल्टेजमुळे कॉन्टॅक्टर सुटल्यावरही कन्व्हर्टर आणि बीएमएस पॅकमधून थोडं-थोडं पीतच राहतात. म्हणून प्रत्येक सेलची खालची मर्यादा २.५ व्होल्टच्या काठावर न ठेवता २.८ ते ३ व्होल्टच्या दरम्यान ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

५. चार्ज आणि डिस्चार्ज

बीएमएस दोन परवानग्या देतो. एकच कॉन्टॅक्टर असेल तर दोन छोटे रिले घेऊन त्यांचे संपर्क एकापाठोपाठ जोडण्याचा मोह होतो. त्यात एक अडचण येते: बॅटरी रिकामी होऊन कॉन्टॅक्टर सुटला की चार्जरचाही रस्ता बंद. चांगला मार्ग असा की चार्जची परवानगी चार्जरच्या रिमोट इनपुटला आणि डिस्चार्जची इन्व्हर्टरच्या रिमोट इनपुटला द्यावी. रोजचं थांबणं-चालणं तिथे होऊ दे. कॉन्टॅक्टर त्यानंतरच्या मर्यादेला सुटावा, तोपर्यंत करंट शून्याजवळ आलेला असतो आणि संपर्कांचं आयुष्य वाढतं.

६. प्रीचार्ज

इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना कॉन्टॅक्टर थेट लावला तर क्षणभर प्रचंड करंट वाहतो आणि संपर्क वेल्ड होऊ शकतात, म्हणजे वितळून एकमेकांना चिकटू शकतात. वेल्ड झालेला कॉन्टॅक्टर म्हणजे बीएमएस असून नसल्यासारखा.

उपाय प्रीचार्जचा, म्हणजे कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून हळूहळू भरून घेण्याचा. कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरड आणि रेझिस्टर ४७ ओहमचा धरा. सुरुवातीचा करंट ५१.२ भागिले ४७, म्हणजे सुमारे १.१ अँपिअर. दोघांचा गुणाकार ०.४७ सेकंद; त्याच्या पाचपट वेळात, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत, कपॅसिटर ९९ टक्के भरतात. रेझिस्टरमध्ये जेमतेम १३ ज्यूल उष्णता जिरते, तरी ५० वॉटचा वायरवाउंडच घ्या. कारण इन्व्हर्टर चालू राहिला तर व्होल्टेज वर चढतच नाही आणि रेझिस्टर तापत बसतो.

हा रेझिस्टर मुख्य संपर्कांना समांतर येतो, पण स्वतःच्या रिलेमधून. काही जण तो कायमचाच जोडून टाकतात. मग कॉन्टॅक्टर सुटला तरी पॅक रेझिस्टरवाटे रिकामा होत राहतो. बीएमएसमध्ये प्रीचार्जचं आउटपुट असेल तर हा रिले त्यावर चालवा. नसेल तर परवानगी मिळताच प्रीचार्ज लागेल आणि तीन सेकंदांनी मुख्य कॉइल लागेल असा टायमर रिले बसवा. टायमरला वीज परवानगीच्या रिलेमधूनच द्या, म्हणजे दर वेळी नव्याने प्रीचार्ज होईल आणि परवानगी गेली की दोन्ही सुटतील.

७. जाड बाजू

कॉन्टॅक्टर डीसीसाठीच बनलेला हवा. एसीमध्ये करंट दर अर्ध्या आवर्तनात शून्याला येतो आणि आर्क विझतो. डीसीमध्ये तसं होत नाही. काही डीसी कॉन्टॅक्टरांवर मुख्य टर्मिनलांना अधिक-उणे खुणा असतात, कारण आतलं चुंबक आर्कला एकाच दिशेने ढकलतं. बॅटरीत करंट दोन्हीकडे वाहतो, म्हणून खुणा नसलेला, दोन्ही दिशांना तोडणारा घ्या. तो पॉझिटिव्ह बाजूला, मुख्य फ्यूजच्या पुढे बसवा. निगेटिव्ह बाजूला बसवला तर सुटल्यानंतर कम्युनिकेशनच्या तारांमधून करंटला चोरवाट मिळू शकते. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) थेट टर्मिनलच्या पृष्ठभागावर टेकला पाहिजे; वॉशर लगच्या वर, मध्ये कधीच नाही.

८. तपासणी

मुख्य फ्यूज बाहेरच ठेवून कंट्रोल चालू करा. मग एकेक बिघाड मुद्दाम घडवा: आउटपुटची तार काढा, कंट्रोलचा फ्यूज काढा, इमर्जन्सी बटण दाबा. प्रत्येक वेळी ‘ठक्’ असा सुटल्याचा आवाज यायला हवा. सेल खरोखर ओव्हरचार्ज करून पाहायची गरज नाही. सेल ३.३३ व्होल्टला असेल तर वरची मर्यादा तात्पुरती ३.३० करा, कॉन्टॅक्टर सुटल्याची खात्री करा आणि मर्यादा लगेच जागेवर आणा.

मग मुख्य फ्यूज लावून छोट्या लोडवर, आणि शेवटी पूर्ण लोडवर चालवा. १०० अँपिअरला मुख्य संपर्कांवर २० ते ४० मिलिव्होल्टच्या आसपास घट दिसावी. बरीच जास्त दिसली तर नट आणि लग पाहा. कॉन्टॅक्टरला सहाय्यक संपर्क (मुख्य संपर्कांसोबत हलून त्यांची स्थिती दाखवणारा छोटा संपर्क) असेल तर तो बीएमएसच्या इनपुटला किंवा निदान एका दिव्याला जोडा. परवानगी गेल्यावरही दिवा लागलेला राहिला, तर संपर्क वेल्ड झालेत. मुख्य फ्यूज काढा आणि कॉन्टॅक्टर बदलल्याशिवाय परत लावू नका.